सिनेमा संपायच्या आधी उठणाऱ्या दादास

तीर्थरूप दादास,

धाकट्याचा साष्टांग नमस्कार. (कंबर वाकत नाही, तेव्हा कागदावर घातलेलाच मान्य करून घे.) इकडे आम्ही दोघं ठीक. हिचा रक्तदाब आटोक्यात आहे, कारण तो वाढला की माझ्यामुळेच वाढला असं ठरवून ती मला घराबाहेर पाठवते आणि मग तो आपोआप उतरतो. तुझी साखर कशी आहे? वहिनी फोनवर 'बरी आहे' म्हणाली, पण ज्या सुरात म्हणाली त्यावरून तू चोरून बिस्किटं खातोस हे माझ्या लक्षात आलं. खा. या वयात चोरून करण्यासारखं आपल्याला दुसरं उरलंय तरी काय?

आता मुद्द्यावर येतो. परवा फोनवर मी ठकूचं नाव काढलं, तेव्हा तू खाकरलास आणि विचारलंस, "सध्या कुठले सिनेमे बघतोस?" पोटच्या पोरीचं नाव निघालं की विषय बदलायचा हा तुझा नेम आता सगळ्यांना पाठ झालाय, मागच्या खेपेला तू पाण्याची टाकी धुवायची राहिलीय असं म्हणाला होतास. तरी पण विचारलंस ते विचारलंस. मी जन्मभर विमा कंपनीत दावे तपासले. समोरच्याने प्रश्न कशासाठी का विचारला असेना, पूर्ण उत्तर दिल्याशिवाय मला अन्न गोड लागत नाही. तेव्हा हे पत्र निव्वळ हिंदी सिनेमाविषयी आहे. ठकूचं नाव यात येणार नाही. (वर आलं ते सोडून.)

खरं तर सिनेमावर मत द्यायचा आपल्या घराण्याला काडीचाही अधिकार नाही, कारण आपण कुठल्याच सिनेमाचा शेवट बघितलेला नाही. बाबांचा नियम तुला आठवत असेलच. सिनेमा सुटल्यावर सायकल स्टँडवर झुंबड उडते, म्हणून आपण आधीच उठायचं. नायक खलनायकाच्या अड्ड्यात शिरला रे शिरला की बाबा उभे राहायचे, त्यांच्यामागे आई, मग तू, मग मी, रांगेतल्या यच्चयावत माणसांचे पाय तुडवत आणि शिव्या खात बाहेर. मग रात्री जेवताना बाबा शेवट सांगायचे. त्यांच्या शेवटात कुणी मरत नसे. खलनायकाची चौकशी व्हायची आणि लांबच्या गावी बदली व्हायची. माझं लग्न झाल्यावर हिच्याशी बोलताना मला कळलं की सिनेमात लोक गोळ्या घालून मारतात. बाबा गेले, सायकली गेल्या, तू टॅक्सीने जाऊ लागलास, तरी शेवटच्या मारामारीला तुझा हात चष्म्याच्या डबीकडे जातोच. वहिनीने एवढ्या वर्षांत एकदा तरी शेवट बघू द्या म्हणून किती विनवण्या केल्या असतील, त्या तिलाच ठाऊक.

तर सध्याच्या सिनेमाविषयी माझं मत असं. एक म्हणजे आवाज. पूर्वी नायकाने ठोसा मारला की 'ढिशुम' व्हायचं आणि आपण समाधानाने घरी यायचो. आता नायक नुसता मान वळवतो तरी इमारत कोसळल्यासारखं वाटतं. मी कानात कापूस घालून जातो, हिला मात्र तेच आवडतं, म्हणते घरात एरवी कोण एवढं बोलतंय. दुसरं म्हणजे गाड्या. एका सिनेमात नायकाने पुलावरच्या एकूण एक गाड्या उडवल्या आणि स्वतः मागे न बघता चालत निघून गेला. आजूबाजूला टाळ्या पडत होत्या आणि मी गाड्या मोजत होतो. या सगळ्यांचे दावे कोण तपासणार? त्यात एक दुधाची गाडी होती. दूधवाल्याने काय सांगायचं कंपनीला, की एका दाढीवाल्याचा प्रेमभंग झाला होता? आणि दाढी तरी किती! नायकाला दाढी, मित्राला दाढी, खलनायकाला दाढी. अंधारात मारामारी लागली की मी हिला विचारतो, आपला कुठला? ती म्हणते, जो सावकाश पडतोय तो आपला.

हेरांचे सिनेमे तर विचारूच नकोस. पॉपकॉर्नचा पुडा संपायच्या आत तीन देश होतात. कुणाला विमानात झोप येत नाही, परक्या पाण्याने कुणाचं पोट बिघडत नाही. नायिका इमारतींचे नकाशे काढते असं एकदा सांगून टाकतात, तिच्या हातात कागदाची गुंडाळी देतात, आणि पुढच्या प्रसंगात ती समुद्रकिनाऱ्यावर. गुंडाळी कुठे गेली ते मी उठेपर्यंत बघत होतो. मग खेळाडूंचे सिनेमे. देशात पदक मिळवलेलं माणूस आता शिल्लक राहिलेलं नाही, आणखी दोन वर्षांनी उपांत्य फेरीत हरलेल्यांवर वेळ येईल, आणि खरं सांगतो, ते मी जास्त आवडीने बघेन. आणि हल्ली 'भाग दुसरा' म्हणून एक भानगड निघाली आहे. अडीच तास बसवून घेतात आणि ऐन रंगात आल्यावर, उरलेलं पुढच्या वर्षी म्हणून दिवे लावतात. हे सिनेमे तुझ्यासारख्यांसाठीच काढलेत. तू उठलास काय नि बसलास काय, शेवट कुणालाच मिळत नाही.

एक गोष्ट मात्र मला मनापासून सतावते, आणि ती थट्टेची नाही. पूर्वी सिनेमात खलनायक असायचा. त्याचा काहीतरी वाईट धंदा असायचा, हाताखाली चार माणसं असायची, तो ते धंदे मन लावून करायचा. आता खलनायक उरला नाही, त्याच्या जागेवर बाप आलाय. नायक चिडका का? बापाने कधी शाबासकी दिली नाही. नायिका कुणावर विश्वास का ठेवत नाही? शाळेच्या कार्यक्रमात बापाची खुर्ची रिकामी होती. एका सिनेमात बाप निरोप द्यायला स्टेशनवर आला नाही, एवढ्यावरून मुलगा अर्धं शहर पेटवतो. मी मोठ्याने हसलो. (शेजारच्या बाईंनी पॉपकॉर्न दुसऱ्या मांडीवर घेतलं.) पण घरी येताना हसू आलं नाही. या सगळ्या सिनेमांत बाप खिडकीशी पाठमोरा उभा असतो, हात मागे बांधून. त्याचा चेहरा दाखवत नाहीत आणि त्याला कुणी काही विचारत नाही. मी हा दावा तपासायला गेलो असतो, तर आधी त्या माणसाचं म्हणणं लिहून घेतलं असतं. कदाचित तो स्टेशनवर आलाही असेल आणि खांबाआड उभा राहिला असेल. अशी माणसं असतात, दादा. मी एकाला ओळखतो.

बरं, एवढं ठाम मत मी कशाच्या जोरावर देतोय, शेवट न बघता? तर मी शेवट बघितलाय. तो माझ्या चपलेने दाखवला. आता थेटरात सोफ्यासारख्या खुर्च्या आल्या आहेत, बटण दाबलं की पाय वर आणि डोकं खाली, दाताच्या डॉक्टरकडे असतं तसं. मी चपला काढून बसलो होतो. नायक अड्ड्यात शिरला, माझा पाय घराण्याच्या सवयीने जमिनीकडे गेला, मी बटण दाबलं आणि खुर्चीने डाव्या पायाची चप्पल गिळली. ओढली तर कुरकुर करायला लागली. ही म्हणाली, मी बाहेर उभी राहते, तुम्ही आणि तुमची चप्पल काय ते ठरवा. (तिलाही आता आपल्या घरची सवय लागली आहे.) बॅटरीवाला म्हणाला, खेळ संपल्याशिवाय खुर्ची उघडता येणार नाही. असा मी अडकलो. शेवट अगदीच सुमार होता, दोघं सावत्र भाऊ निघाले. बाबांनी याहून चांगला सांगितला असता.

पण नंतर नावं आली. दादा, केवढी ती नावं! मला वाटायचं सिनेमा दहा-बारा माणसं काढतात. जेवण देणारे, तंबू ठोकणारे, नायकाचे केस विंचरणारा, त्याचा मदतनीस, घोडा सांभाळणारा, आणि सिनेमात घोडा तर मला दिसलाच नव्हता. दिवे लागले, सगळे जण पाठ फिरवून बाहेर पडले. थेटरात मी, माझी एक चप्पल आणि झाडू घेऊन आलेली एक बाई, एवढेच उरलो. आणि 'पावलांचे आवाज' अशा अर्थाची एक ओळ वर सरकली आणि तिच्यापुढे एक नाव. कुणाचं ते मी सांगणार नाही, तसं ठरलंय. आडनाव मात्र आपलं होतं. मी त्या बाईला ओरडून म्हणालो, "ही आमची मुलगी!" ती म्हणाली, "कोण, ती पाण्यात उडी मारणारी?" मी म्हटलं, नाही हो, ते नाव. तिने मान वर केली आणि म्हणाली, "नाव तर गेलं की वर." माझे डोळे भरून आले होते. अनवाणी माणूस रडताना बघून तिला वाटलं चपलेसाठी रडतोय, आणि तिने बिचारीने झाडूच्या दांड्याने चप्पल काढून दिली.

मग जिचं नाव घ्यायचं नाही तिच्याकडे मी गेलो. फोन न करता तडक तिच्या कामाच्या ठिकाणी. तळघरातली खोली आहे, खिडकी नाही, तिजोरीसारखं जाड दार. जमिनीवर चौकोन आखलेत. एकात लाकडी फळ्या, एकात फरशी, एकात खडी, एकात वाळू, एकात पत्रा. भिंतीभर जोडे, बूट, सँडल, कुलपं, छत्र्या, कपबश्या. हिने पहिल्यांदा पाहिलं तेव्हा म्हणाली, कुणीतरी घर बदलतंय आणि कंटाळून मध्येच थांबलंय. सिनेमा आधी काढतात, आणि त्यातल्या चालण्याचे, उठण्याबसण्याचे, कपड्यांच्या सळसळीचे आवाज मागाहून या खोलीत करून भरतात. या कामाला 'फॉली' म्हणतात. पडद्यावर तो सहा फुटी दाढीवाला जिना उतरत होता, आणि पडद्यासमोर आपली ठकू मोठाले बूट घालून, जीभ दातांत धरून, जागच्या जागी पावलं टाकत होती. (नाव आलं. येऊ दे.) दादा, तो धाड धाड चालत येतो आणि मागच्या रांगेतली पोरं शिट्ट्या मारतात ना, ती शिट्टी आपल्या ठकूला असते. हाड मोडतं ते गाजर असतं. ठोसा बसतो तो कोबीला. संध्याकाळी तिने मला जेवायला थांबवलं, तेव्हा त्याच मारामारीची भाजी होती.

त्या दिवशी जेवताना तू तिला म्हणाला होतास, पक्की नोकरी सोडून ठोकाठोकी करायला जातेस? मी तिथेच बसलो होतो. ती उत्तर देत होती, तिचं वाक्य अर्ध्यावर होतं, आणि तू ताटावरून उठलास. अगदी सिनेमातून उठतोस तसा. तिचं उरलेलं वाक्य मी ऐकलं, तू ऐकलं नाहीस. ते मी तुला सांगणार नाही, कारण ते माझ्यासाठी नव्हतं. पण दादा, बाबांसारखा शेवट तू मनानेच रचून टाकलास, की पोरगी वाया गेली. ती वाया गेलेली नाही. ती दिवसभर दुसऱ्यांच्या जोड्यांत पाय घालून उभी असते आणि तिच्या टाचांना भेगा पडल्या आहेत. मला तिचा अभिमान वाटतो आणि तुझी दया येते, आणि हे दोन्ही मी तुझ्या तोंडावर बोललो नसतो, म्हणून पत्र.

तेव्हापासून मी निम्मा सिनेमा डोळे मिटून बघतो. ही म्हणते, झोपायचंच होतं तर घरी पलंग होता. पण मी ऐकत असतो. चेहरा रंगवलेला, भिंत पुठ्ठ्याची, पाऊस टाकीतला. पाऊल तेवढं कुणीतरी खरोखर टाकलेलं असतं. हेरांचे सिनेमे मला का आवडत नाहीत हेही आता समजलं. त्यात सगळे पळतात, चालत कुणीच नाही. परवा एक साधा सिनेमा लागला होता, चार दिवसांत उतरला. त्यात एक बाई नवऱ्याशी भांडून स्वयंपाकघरात जाते, पाणी पिते आणि परत येते. जाताना पाय आपटत जाते, येताना नाही. कुणी एक शब्द बोलत नाही, तरी भांडण मिटलं हे मला डोळे मिटून कळलं. माझ्या मते तो या वर्षातला सगळ्यात चांगला सिनेमा. तो ठकूने केलेला नव्हता, हेही सांगून टाकतो, नाहीतर म्हणशील पुतणीचा कैवार घेतो.

तर विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर हे असं आहे. हिचा तुला नमस्कार. वहिनीला माझा सांग, आणि पत्र तिला वाचून दाखवू नकोस. (खालच्या मजकुरावरून कारण कळेल.) साखर सांभाळ.

तुझ्या पाठोपाठ आयुष्यभर रांगेतून उठलेला,
धाकटा

ता. क. – वहिनीचे दात ठणठणीत आहेत. दर शुक्रवारी ती दाताच्या डॉक्टरकडे जात नाही, माझ्या आणि हिच्या बरोबर दुपारच्या खेळाला येते. एका माणसाच्या तोंडात मावणार नाहीत इतक्या दाढांचं काम होऊनही तुला संशय आला नाही, याचं आम्हा तिघांना आश्चर्य वाटतं. तिला रागावू नकोस. तीसुद्धा आता शेवटपर्यंत बसते. नाव आलं की एकटीच टाळ्या वाजवते, आणि झाडूवाली बाई आता तिच्यासाठी थोडी उशिरा झाडायला येते.

ता. क. दुसरा – खरं काम वर लिहायचं धाडस झालं नाही, ते इथे लिहितो. ठकूला एक नवा सिनेमा मिळाला आहे. त्यात एक म्हातारा बाप आहे. तो फारसा बोलत नाही, नुसता चालतो, आणि जिना चढून मुलाच्या दारापर्यंत येतो. ठकू मला म्हणाली, काका, मला एकाच बापाचं चालणं येतं. मग तिने ते फळीवर करून दाखवलं. तू कचेरीतून यायचास ते. लहानपणी अभ्यासाला बसल्या बसल्या ती ऐकायची. पाऊल जड पडलं तर गुणपत्रिका दप्तरात जायची, हलकं पडलं तर ती दार उघडायला धावायची. दादा, शपथेवर सांगतो, मी वळून दाराकडे बघितलं. मला वाटलं तू आलास. मग ती थांबली आणि म्हणाली, पण हे तेव्हाचं झालं, हा माणूस म्हातारा आहे, बाबा आता कसे चालतात? तुझ्या गुडघ्याच्या ऑपरेशनचं आणि काठीचं तिला वहिनीकडून कळलंय. तिने विचारलं, काठी आधी टेकतात की पाय? दम लागला की कठडा धरतात की भिंत? मला एकाही प्रश्नाचं उत्तर देता आलं नाही. एवढा तुझ्याबरोबर फिरतो, पण मी आपला बोलत असतो. तिने तुला बोलाव म्हटलेलं नाही. तिने एवढंच विचारलं, आणि मग पाठ फिरवून जोडे आवरायला लागली. म्हणून मी बोलावतो आहे. रविवारी ती दिवसभर घरी असते. तू येशील असं मी तिला सांगितलेलं नाही.

ता. क. शेवटचा – तिच्या इमारतीला लिफ्ट आहे, नवी कोरी, आत आरसा. डॉक्टरांनी तुला जिने चढू नका म्हणून बजावलंय हे मला माहीत आहे, तेव्हा दुसऱ्या मजल्यापर्यंत लिफ्टनेच जा. तिच्या दारापर्यंतचा वरचा एक जिना मात्र पायी चढ. सावकाश, जसा जमेल तसा, दम लागला तर थांबत. आणि वर पोचल्यावर घंटी वाजवू नकोस.